झाकलेलं ताट

मंडळी, बसा. पुढं सरका. मधे एवढी वाट कशाला सोडलीय? हत्ती जायचाय का मधून?

सांगतो कशाला ते! मी एसटीतून उतरलो नाही तोच या बाजूच्या एका भल्या माणसानं माझी पिशवी धरली. म्हणाला, "बुवा, तुमचं मत काय? बायबलातली शेवटच्या काळाची भविष्यं पुरी झाली, का व्हायचीत?" मी म्हटलं, बाबा, आधी पाणी दे. तेवढ्यात त्या बाजूच्या भल्या माणसानं दुसरी पिशवी धरली. तोही तेच विचारतोय! आणि देवळामागं बघतो तर काय — कापणीचा सण एक, आणि चुली पेटल्यात दोन! झालं म्हणणाऱ्यांचं जेवण इकडं, व्हायचंय म्हणणाऱ्यांचं तिकडं. मी चाळीसएक गावं फिरलो असेन. वांग्याच्या भाजीत मतभेद शिजताना पहिल्यांदा बघितला!

म्हणून आज एकच प्रश्न घेतो. येणाऱ्याची वाट कशी बघायची? घरी पाहुणा यायचाय. तुम्ही अंगण झाडता, पाणी भरता, का गाडी सुटली का पोचली यावर शेजाऱ्याची गचांडी धरता? बोला की! आता गप्प. एसटी स्टँडवर तर चांगला आवाज होता!

    धनी येईल गं घरी, सडा घाल दारी ।
    वेळ पुसत बसू नको, कर तू तयारी ॥

पेटीवाले, सूर धरून ठेवा. मंडळी, ऐका.

बोरखेडी नावाचं गाव. दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं छोटं देऊळ. तिथं मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, दोन. पहिले शांतवन गोर्डे, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. नाव शांतवन, आणि त्या माणसानं जन्मात कुणाचं सांत्वन केलं असेल तर शपथ! उपासना चालू असताना कुणी खोकलं तरी चष्म्यावरून बघायचे. दुसरे बर्नबा साळवे, मिशनच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर. मास्तरांच्या बायकोचा, राहेलबाईचा, सख्खा भाऊ.

आणि या दोघांच्या वर एक म्हातारी. हन्नाबाई. ती बर्नबाची आई, मास्तरांची सासू, आणि त्याआधी मास्तरांची सख्खी आत्या. मास्तर पाळण्यात असताना त्यांची आई गेली. आत्यानं उचलून आणलं आणि आपल्या पोराबरोबर वाढवलं. दुष्काळाची वर्षं ती. एक भाकर व्हायची. ती मोडून अर्धी याला, अर्धी त्याला. तिनं काय खाल्लं? ते मास्तरांनी कधी विचारलं नाही. पोरं विचारत नसतात.

आता मास्तरांचा जीव एका कापडात होता. मांजरपाटाचं लांबलचक कापड, त्यावर भविष्याचा सगळा नकाशा. दानीएलानं अर्थ सांगितलेला, राजाच्या स्वप्नातला तो सोन्याच्या डोक्याचा पुतळा, सात डोक्यांचं श्वापद, शिंगं, कर्णे. शेवटाजवळ एक लाल बाण, आणि लिहिलेलं — 'आपण इथे आहोत'. जगात लढाई पेटली की मास्तर सुईदोरा घेऊन बसायचे, बाण उसवायचे आणि चिमूटभर पुढं सरकवून शिवायचे. राहेलबाई म्हणायची, अहो, तेवढ्यात माझं फाटलेलं पातळ शिवून झालं असतं!

बर्नबा वर्षानुवर्षं हे ऐकत आला. मग दवाखान्यातल्या कुणा पाहुण्याकडून त्यानं दुसरी बाजू ऐकली आणि त्याचं डोकं फिरलं. एका रविवारी मास्तरांनी कापड टांगलं, तसा हा उभा राहिला. म्हणाला, दाजी, हे गुंडाळा. प्रभू म्हणाला होता ना, की ही पिढी सरायच्या आत सगळं होईल? रोमी फौज आली, यरुशलेम पाडलं, मंदिराचा दगडावर दगड ठेवला नाही. पिढी सरायच्या आतच झालं. प्रभूचं येणं ते हेच. झालेल्या गोष्टीचं पंचांग कशाला टांगताय?

मास्तरांची कानशिलं तापली. मनात आलं, माझं अर्धं आयुष्य या कापडात गेलं, आणि हा पोरांसमोर पंचांग म्हणतो! ते म्हणाले, "मग मेलेले उठले का? जा कबरस्तानात आणि बघ. तुझा बाप अजून तिथंच आहे."

मंडळी, शास्त्रावर बोला, हरकत नाही. पण बाप काढला! तिथून ते शास्त्र राहिलं नाही, भाऊबंदकी झाली. देवळातली सतरंजी मधोमध रिकामी पडायला लागली. इकडं 'झालं'वाले, तिकडं 'व्हायचंय'वाले. बायका कुठं? बायका आपल्या दाराजवळ बसलेल्या, कारण त्यांना घरी जाऊन कालवण टाकायचं होतं. पाळकसाहेब बिचारे महिन्यातून एकदा उपासना चालवायला सायकलवर यायचे. त्यांनी समजावलं की बाबांनो, काही झालंय, काही व्हायचंय, आणि काही प्रत्येक काळात होतंच आहे. उपकार झाले? छे! दोन्ही बाजू त्यांच्यावर उलटल्या. समेट सांगणाऱ्याला दोन्हीकडून मार, हे तर आपल्यात ठरलेलंच!

आता खरा वेडेपणा ऐका. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं, ते फक्त आपल्याच लोकांना सुचतं.

प्रभुभोजनाची वेळ. भाकर मोडताना आपण काय म्हणतो? की प्रभूच्या मरणाची आठवण आम्ही करतो, तो येईपर्यंत. बर्नबा म्हणाला, तो येऊन गेला असेल तर 'येईपर्यंत' म्हणणं खोटं. ते शब्द गाळा, तरच मी द्राक्षरसाचा प्याला उचलीन. मास्तर म्हणाले, एक अक्षर गाळणार नाही. आणि बोरखेडीची रीत अशी, की भाकरीचं ताट गोर्ड्यांच्या घरानं फिरवायचं, प्याला साळव्यांच्या घरानं. आजे-पणजे असंच करत आलेले. प्याल्याला दुसरा कुणी हात लावीना, आणि ताट एकटं फिरेना. मेज मांडलेलं, वर पांढरं फडकं, आणि पाळकसाहेब डोळे मिटून उभे. शेवटी तसंच उचलून ठेवायचं! असं एकदा नाही, महिने गेले. प्रभूनं जेवायला बोलावलंय, आणि हे मानकरी ताटावर हात ठेवून बसलेत. मला सांगा, ते ताट काय यांच्या आजोबांनी घडवलं होतं?

आणि लोकांना त्याची सवय झाली. मला राग येतो तो याचा. भांडणाचा नाही येत एवढा. सवयीचा येतो.

एकटी हन्नाबाई विचारायची. ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती, बर्नबाच्या घरी. पेज, पाणी, एवढंच जायचं पोटात. राहेलबाई आईच्या सेवेला येऊन राहिलेली. म्हातारी रोज म्हणायची, "मला देवाघरची भाकर आणा गं. तेवढी खाऊन जाते."

महिन्याचा रविवार आला. पाळकसाहेबांना म्हातारीचं मागणं कळलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. त्यांनी भाकर मोडली, आशीर्वाद मागितला, ताट मास्तरांच्या हातात दिलं आणि प्याला बर्नबाच्या. म्हणाले, दोघं मिळून जा. उपासना मी बघतो. आणि रीत ध्यानात ठेवा. आजाऱ्याच्या नावानं निघालेली भाकर देवळात परत आणायची नाही. उरली तर नेणाऱ्यानंच तिथं खायची.

निघाले. सकाळचं ऊन, एकाच गल्लीतून दोघं, पण बोलणं नाही. मास्तरांना वाटलं, आज काही बोलायचंच नाही. सरळ आत जायचं, आत्याच्या ओठाला भाकर लावायची आणि घरी. चांगला विचार होता हो! चांगले विचार आपल्याला फार येतात. अंगणापर्यंत टिकत नाहीत, एवढंच!

अंगणात शेवग्याचं झाड. तिथं बर्नबा थांबला. हळूच म्हणाला, दाजी, आत गेल्यावर ते शब्द म्हणू नका. आईला शेवटी शेवटी चुकीचं ऐकवू नका.

दारातून मास्तरांना आत्याची पावलं दिसत होती, वाकळेच्या बाहेर आलेली. दोन पायऱ्या चढल्या की आत. पण मंडळी, त्याच आठवड्यात आंघोळ करताना मास्तरांना एक उत्तर सुचलं होतं. असलं फर्मास उत्तर, की बर्नबा गारच पडावा! कुणावर टाकायचं म्हणून आठवडाभर जपून ठेवलेलं. आणि आता गिऱ्हाईक समोर उभं. माणूस उपाशी राहील हो, पण सुचलेलं उत्तर पोटात ठेवील का?

मास्तरांनी ताट ओट्यावर ठेवलं. वर रुमाल झाकला. म्हणाले, योहानाला शेवटाचं दर्शन झालं ते यरुशलेम पडल्यानंतर. पडून गेलेल्या शहराचं भविष्य कोण कशाला सांगेल? बर्नबानं प्याला ताटाशेजारी ठेवला. म्हणाला, आधीच झालं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नंतर झालं म्हणून?

लागली! झाली सुरू!

राहेलबाई दारात आली. म्हणाली, "आई विचारतेय, आले का?"

मास्तरांनी मागं न बघता सांगितलं, "येतोच म्हणावं."

बर्नबाची गाडी मास्तरांच्या कापडावर घसरली. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही म्हणता, मग बाण कशाला शिवता? मास्तर म्हणाले, जागं राहायला. तू सगळं झालं म्हणून झोप!

राहेलबाई पुन्हा आली. "अहो, तिला बसवलीय. चूळ भरून, डोक्यावर पदर घेऊन बसलीय ती. दादा, तू तरी ये. विचारतेय, आले का?"

"आलोच," म्हणाले. दोघंही. एवढ्यावर मात्र एकमत!

तिसऱ्यांदा ती आली नाही. शेवग्याची सावली ओट्यावरून सरकली आणि रुमालावर ऊन आलं. मास्तरांना एकदम जाणवलं, आतून काहीच आवाज येत नाही. त्यांनी ताट उचललं. बर्नबानं प्याला घेतला. आत गेले.

म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. डोक्यावर पदर, हात मांडीवर, तळवे वर. आपण प्रभुभोजनाला धरतो ना, तसे. डोळे उघडे, श्वास चालू. मास्तरांनी भाकरीचा तुकडा ओठांना लावला. ओठ हलले नाहीत. बर्नबानं दवाखान्यातला हात वापरला, हनुवटी धरून द्राक्षरसाचे थेंब सोडले. ते ओठाच्या कडेनं ओघळून पदरात गेले. गिळणं थांबलं होतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

राहेलबाई म्हणाली, "मघाशी गिळत होती. मीच पाणी पाजलं. दाराकडं बघत पीत होती."

ऊन कलायच्या आत हन्नाबाई गेली. देवाघरची भाकर न खाता गेली. भाकर कुठं लांब होती का हो? ओट्यावर होती, रुमालाखाली.

शेजारणी आल्या. रडणं झालं. मास्तर कोपऱ्यात उभे, हातात ते ताट. खाली ठेवता येईना. देवळाकडं वळावं तर रीत नाही. राहेलबाईनं डोळे पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"आता खा," ती म्हणाली. "रीत आहे ना तुमची. खा."

मास्तरांनी तुकडा मोडला. अर्धा बर्नबाच्या हातावर ठेवला, अर्धा आपण घेतला. आणि तेव्हा त्या माणसाला आठवलं, की अशी अर्धी-अर्धी भाकर आपल्याला कुणी मोडून दिली होती. आजही तिच्याच वाट्याची खायची! तोंडात घातली. चावली. खाली उतरेना. 'तो येईपर्यंत' म्हणायचं होतं, ज्या शब्दांसाठी महिने न महिने भांडले ते शब्द. तोंडातून फुटले नाहीत. बर्नबाही ते गाळा म्हणाला नाही. दोघं भिंतीला धरून पोरांसारखे रडले.

तुम्ही म्हणाल, मग बुवा, मतं बदलली का? अजिबात नाही! मास्तर मरेपर्यंत 'व्हायचंय' म्हणाले, बर्नबा 'झालं' म्हणाला. ताट फिरलं, प्याला फिरला. 'येईपर्यंत' आलं की बर्नबा तेवढ्यापुरता गप्प राहायचा, आणि मास्तर ऐकू न आल्यासारखं करायचे. पण गावात कुणी आजारी पडलं की दोघं ताट-प्याला घेऊन असे झपझप जायचे, की लोक बाजूला व्हायचे. आणि अंगणात थांबायचं नाही! कुणी थांबवलंच तर मास्तर म्हणायचे, आधी आत.

    धनी येईल गं घरी, सडा घाल दारी ।
    वेळ पुसत बसू नको, कर तू तयारी ॥

पेटी थांबवा. आता आख्यान बोरखेडीचं नाही, तुमचं.

माझं मत विचारलंत ना? आहे मला मत. सांगणार नाही. सांगितलं की निम्मे उठून माझ्या मांडीला मांडी लावाल आणि निम्मे चपला शोधाल. त्याच्या येण्यावर वाद घाला, जरूर घाला, शास्त्र आहे ते. पण हे सांगा, तुमच्या वादापायी कुणाचं ताट झाकून ठेवलंय? कुठल्या घरात कोण डोक्यावर पदर घेऊन दाराकडं बघत बसलंय? बहीण असेल. सून असेल. या बाजूची एखादी माय त्या बाजूच्या लेकीची वाट बघत असेल. ती विचारतेय, आले का? आणि तुम्ही अंगणातून सांगताय, येतोच!

त्या मागच्या दोन चुलींचं जेवण तयार आहे, वास येतोय मला. सकाळपासून पोटात काही नाही, भूक सपाटून लागलीय. पण मी ना या पंगतीला बसणार, ना त्या. इथं ओट्यावर बसतो. दोन्ही पातेली एकत्र आणा, सतरंजीच्या मधोमध ठेवा, मग मला हाक मारा.

आणि हे बघा, 'येतोच' नको. उठा.