रंगवलेला पाव

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान अधीक्षकसाहेब, विश्वस्त मंडळातील मान्यवर, डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी, स्वयंपाकघरातले माझे सहकारी, आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेले इतर सर्व रसिकहो,

माझ्याबद्दल आत्ता इतकं चांगलं बोललं गेलं की क्षणभर वाटलं, मी निवृत्त होत नसून वारलेच आहे. साहेब म्हणाले, "बाईंनी या रुग्णालयाला अख्ख्या धान्याची गोडी लावली." साहेब, हा आपला गोड गैरसमज आहे. दारावरच्या पाटीवर मी आहारतज्ज्ञ असले, तरी या इमारतीत मला कोंडाबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे. आणि हे नाव ठेवणारे कोण? सकाळी डब्यातला कोंडा चमच्याने पाण्यात ढवळून, नाक दाबून पिणारे आमचे डॉक्टर. तोच कोंडा पावात दिला की ताटाच्या कडेला सारतात. डब्यावर हसऱ्या बाईचं चित्र असल्याशिवाय यांचं पोट साफ होत नाही, त्याला मी काय करणार?

असो. मोहिमेचा उल्लेख साहेबांनी केलाच आहे, तर ती कशी पार पडली तेही ऐका.

साहेब एका परिषदेहून परतले आणि 'अख्खं धान्य खा' मोहीम सुरू झाली. जिन्यात फलक लागले, फीत कापली गेली, फोटो निघाले. रुग्णांना पांढऱ्या पावाऐवजी तपकिरी पाव येऊ लागला. मलाही आनंद झाला. मग मी तो खाऊन पाहिला. जिभेला कोंडा लागेना, दातांना काम पडेना. म्हणून एक तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकून ठेवला. थोड्या वेळाने पाणी चहासारखं झालं आणि पाव पांढराफटक. मैदाच तो, जळक्या साखरेच्या रंगात न्हालेला.

मी साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, रंग दिसला की रुग्णाला समाधान मिळतं. कोंडा शोधायला कोण बसलंय?"

"त्याचं शरीर बसलंय," मी म्हटलं.

"पाव माझे साडू पुरवतात. जरा जपून बोला."

मी जपून बोलले नाही. माझी रवानगी चादरींच्या कोठारात झाली. आहारशास्त्र शिकलेल्या बाईने उशांचे अभ्रे लावत बसावं, यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. आज टाळ्या वाजवणारे हे सगळे हात तेव्हा खिशात होते.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर एक बसड्रायव्हर दाखल होते. मधुमेह, आणि पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम. त्यांची बायको चादर बदलून घ्यायला खाली आली. बोलता बोलता म्हणाली, "ताई, हे एवढं पथ्य पाळतात, तरी साखर उतरत नाही."

"खातात काय?"

"भूक लागली की तो काळा पाव. तो कितीही चालतो ना? औषधच आहे ते. फलकावर लिहिलंय."

औषध म्हणाली ती, आणि माझं डोकं फिरलं. तिला आणि स्वयंपाकघरातला तो पाव घेऊन मी तडक विश्वस्तांच्या बैठकीत शिरले. टेबलावर पाण्याचे पेले होतेच. प्रत्येकाच्या पेल्यात एकेक तुकडा टाकला आणि म्हटलं, "जरा थांबा. मग ज्याला प्यायचंय त्याने प्यावं." कुणी प्यायलं नाही. एका गृहस्थांनी मात्र विचारलं, "पण रंग छान आलाय, नाही का?" ते आजही व्यासपीठावर आहेत. मी ओळख करून देत नाही, ते आपणहून खाली बघताहेत.

पाव बदलला. साडू गेले, मी स्वयंपाकघरात परतले. खरा पाव आला तेव्हा कितीतरी रुग्णांनी तो परत पाठवला. ड्रायव्हरभाऊंनीही तोंड फिरवलं, "घशात अडकतो." मग त्यांची बायको खाटेवर बसली, त्यातलाच अर्धा मोडून स्वतः खाऊ लागली आणि म्हणाली, "चावून खा. इथे मागे कुणी हॉर्न वाजवत नाहीये." ते हसले आणि त्यांनी तो खाल्ला. पुढे रोज दोघं मिळून खात.

अंगठा वाचला नाही. तो पावामुळे गेला, असं मी म्हणणार नाही. जखम जुनी होती. पण पाय राहिला, साखर ताब्यात आली, आणि आता ते डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवतात. नवराबायको तिसऱ्या रांगेत बसलेत. साहेब, आपण त्यांना ओळखलं नाहीत. मोहिमेचा पुरस्कार स्वीकारताना आपण ज्यांचा पाय वाचवल्याचं सांगितलंत, ते हेच.

आता तुम्ही काय खाता, याच्याशी माझा नोकरीपुरताही संबंध उरला नाही. तरी सांगते, धान्य अख्खं खा, दातांना कामाला लावा. एवढ्यासाठी फलकही लागत नाही आणि परिषदही नाही.

या सत्काराबद्दल सर्वांची आभारी आहे. बोलण्यात काही कमी राहिलं असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. जास्त झालं असेल, तर ते ज्याचं त्याने आपलं समजून घरी न्यावं. नमस्कार.