शेवटचं पीस

कुकरच्या शिट्टीला मी आजही दचकते, पण त्या दिवशी हातात अप्पांच्या लाडक्या कोंबड्याचं शेवटचं पीस होतं. अप्पा माझे वडील; त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून होटगीच्या तळ्यावर माशांना भुलवायला गळावर पिसाची खोटी माशी मीच बांधत होते. बाकीची जुनी पिसं वाळलेली, दोऱ्याबरोबर गुंडाळली की तुटली.

“वाफ दाखव की जरा,” अप्पा म्हणाले.

कुकरवर धरलं आणि शिट्टी झाली. मी किंचाळले, पण पीस सोडलं नाही.

“लहानपणी त्या कोंबड्याला भ्यायचीस, आता कुकरला व्हय?”

मऊ झालेलं पीस न तुटता गुंडाळलं गेलं. अप्पांनी माशी बराच वेळ न्याहाळली आणि स्वतःच्या टोपीला अडकवली.

“अहो अप्पा, मग मासे?”

“बाजारातनं आण की.”