आमच्या मतदारसंघातले गरीब

मागच्या निवडणुकीत मी एका उमेदवारासाठी सर्वे केला, तो घोळ तुम्हाला सांगितला नाही का? घरोघरी जाऊन समाज कोणता, घरात भाषा कोणती बोलतात आणि घर खातंपितं आहे का, एवढंच लिहायचं होतं.

गोंदियात पहिलाच बंगला राइस मिलवाल्या शेठचा. अंगणात दोन मोटारी उभ्या. विचारलं, "गाड्या कोणाच्या?"

"मेरे साले की हैं. हम तो गरीब आदमी हैं, लिख लो."

त्यांना मी इन्कम टॅक्सवाला वाटलो. बंगल्यांची सगळी लाइन तसंच बोलली.

मग कामठ्याला गेलो. मातीच्या घरासमोर एक काका बसले होते.

"शेती किती?"

"दहा एकर."

"ट्रॅक्टर?"

"हाये ना. शेतात चालून राहिला."

मी निघालो तर म्हणतात, "मंग पोरगी पाहाले आमी कधी येऊ?" त्यांना वाटलं, मी त्यांच्या पोरासाठी सोयरीक घेऊन आलो.

मी मूर्खासारखं ऐकलं तसंच लिहून दिलं. उमेदवारानं गरिबांसाठी आणलेल्या साड्या सरळ बंगल्यांच्या लाइनीत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. म्हटलं, आता आपली हकालपट्टी.

पण साहेब खूश होते. "तुया सर्वे एकदम बरोबर निघाला," म्हणाले. "एकाही बंगल्यानं साडी परत नाही केली. शेठनं त साल्याच्या बायकोसाठी पण एक मागून घेतली."