मिरचीच्या गोदामातली घागर

सत्तावन्न सालचा एप्रिल, कडक उन्हाळा. बेंगळुरात मी विमा कंपनीसाठी जळका माल मोजत असे. दावेदाराकडून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, घेतला तर नोकरी गेली, असा नियम होता.

चिकपेटेत गोविंदण्णांचं मिरचीचं गोदाम जळलं. धुमसती पोती मोजताना मी खोकून खोकून आडवा झालो. अण्णांनी अख्खी घागर माझ्या डोक्यावर ओतली.

"अण्णा, माझी नोकरी घालवलीत."

"तुम्ही प्यालात कुठं? मी ओतलं."

"अंगावर घेतलं, म्हणजे घेतलंच."

"मग स्वल्प वेळ उन्हात उभे राहा. वाळलं की संपलं."

"वाळलेलं पाणी परत केलं असं होत नाही."

दुसऱ्या दिवशी मी घरून घागर भरून नेली. अण्णांनी टोपी काढून हातात धरली. मी घागर त्यांच्या डोक्यावर रिकामी केली.