मातेर्देईच्या शाळेतले पेंग्विन

पेंग्विन! नाही, तुम्हीच सांगा, पेंग्विन! नेपल्समध्ये! जिथे दहा वर्षांतून एकदा चुकून बर्फ पडला तर लोक बाल्कनीत येऊन टाळ्या वाजवतात, त्या गावात, आमच्या मातेर्देई वस्तीतल्या सरकारी शाळेच्या दारात, जिथे दर डिसेंबरला येशूजन्माचा देखावा लागतो, बरोब्बर त्याच जागी कापसाचा बर्फ आणि त्यावर थर्मोकोलचे पेंग्विन! का? तर म्हणे सगळ्या धर्मांचा आदर! अहो, पेंग्विनांचा धर्म कुठला ते तरी विचारलंत का?

आता गैरसमज नको हं. मी काही देखाव्याची भक्त नाही. मी त्या शाळेत चौथीची बाई आहे, आणि कॉलेजात माझा प्रबंधच होता सरकारी शाळा आणि धर्म यावर. शाळेत प्रार्थना नको, पाद्रीबाबांनी येऊन पोरांवर पवित्र पाणी शिंपडायला नको, सरकारनं देवाच्या भानगडीत पडूच नये... हे मी कॉफीच्या दुकानापासून आत्याच्या लग्नापर्यंत सगळीकडे सांगत आलेय. आणि दर वेळी समोरचा काय म्हणतो? डोळे मिचकावतो आणि म्हणतो, "आणि हे सांगतंय कोण? इम्माकोलाता!"

हो. हेच माझं नाव. निष्कलंक माता मारियाचं! तिच्या सणाच्या दिवशी जन्मले, मग आई म्हणाली, दुसरं नाव ठेवलं तर माता रागावेल. माता रागावली नसती, पण मी रागावलेय त्याचं काय? जन्मभर वाद घालायचा मी आणि हशा मिळवायचा नावानं!

तर आमचे नवे मुख्याध्यापक. ओदास्सोसर. उत्तरेकडचे, पार कुनेओचे. माणूस वाईट नाही, पण बोलतो कसा, "सहकारी हो... आपण... समावेशक... व्हायला हवं." त्यांच्या एका वाक्यात आमच्याकडे भांडण होऊन समेटसुद्धा होतो! त्यांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, यंदा देखावा नाही, यंदा 'हिवाळी दृश्य'. आणि वर काय? "चौथीत ती श्रीलंकेची बौद्ध मुलगी आहे ना, सांदुनी... तिला काय वाटेल?"

सांदुनीला काय वाटेल! सांदुनीला विचारलं? नाही. तिच्या बापाला विचारलं? नाही. आणि मातेर्देईत बंद खोलीत बोललेलं वाक्य कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात पोचायला कितीसा वेळ लागतो? साखर ढवळून होईपर्यंत! दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात पोरं तिला म्हणाली, "तुझ्यामुळे आमचा देखावा गेला." तिच्या बाकावर शेजारी कुणी बसेना. नाव पोरीचं, निर्णय साहेबांचा, आणि शिक्षा? पोरीला!

आणि ऐका, गंमत म्हणजे... गंमत कसली, माझं डोकंच फिरलं... सगळ्या शाळेत देखाव्याची सगळ्यात जास्त तयारी कुणी केली होती? सांदुनीनं! आमच्या देखाव्यात काय नुसती मारिया आणि योसेफ असतात? छे! कागदाच्या लगद्याचा मोठा डोंगर, त्यावर पाववाला, मासेवाली, धोबीण, भट्टीसमोरचा पिझ्झावाला, सगळी गल्ली असते, आणि दर वर्षी प्रत्येक पोर आपल्या घरचं एक माणूस मातीचं करून आणतं. सांदुनीनं आपला बाप केला होता, निहाल. तो आमच्या इथल्या दोन्ना रकेलेंना सांभाळतो, नव्वदीच्या आहेत, रोज त्यांचा हात धरून बाजारात नेतो. तर हेच तिनं केलं होतं, म्हातारी, काठी, पिशवी, आणि हात धरलेला निहाल. सुट्टी झाल्यावर रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हे घरी नेऊ? का पेंग्विनांच्या मागे ठेवलं तर चालेल? दिसणार नाही असं ठेवीन."

दिसणार नाही असं ठेवीन! दहा वर्षांची पोर! तुम्हाला सांगते, तिथे माझ्यातली प्रबंधवाली पण उठली आणि मातेर्देईवाली पण उठली, आणि दोघी एकाच दिशेला धावत सुटल्या. हे पहिल्यांदाच झालं.

मग सभा. व्यायामशाळेत. खचाखच! पालकांचा पुढारी कोण, तर रुओतोलो, टायरचं दुकान आहे त्याचं, कर्णा घेऊन आला होता. बंद खोलीत कर्णा! "आमची परंपरा! आमचा बाळ येशू! आमच्या पोरांच्या शाळेतून बाळ येशूला बाहेर काढलं!" आणि ह्याच्या स्वतःच्या घरी काय असतं? मॉलमधून आणलेलं प्लॅस्टिकचं झाड! मी पाहिलंय! लुकलुकतं आणि इंग्रजी गाणी म्हणतं! समोर ओदास्सोसर, "राज्य... तटस्थ... आहे..." त्यांचं वाक्य संपेपर्यंत ह्याच्या तीन घोषणा. आणि पहिल्या रांगेत दोन्ना रकेले, निहालच्या शेजारी, काठी आपटत, "अरे हळू बोला मेल्यांनो, बेनीनो उठेल!"

बेनीनो म्हणजे देखाव्यातला झोपलेला धनगर. डोंगरावर सगळ्यात वर. सगळा देखावा हे त्याचं स्वप्न, तो जागा झाला की सगळं नाहीसं. त्याला उठवायचं नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तो बिचारा तेव्हा खोक्यात होता, पण त्या कर्ण्यानं मेलेलासुद्धा उठला असता!

मी बाकावर चढले. म्हटलं, "आधी ज्या पोरीच्या नावानं हे चाललंय तिच्या बापाला तर विचारा!" निहाल उभा राहिला. सावकाश म्हणाला, "आमच्याकडे वैशाखात बुद्धजन्माचे देखावे करतात. मोठे, दिव्यांचे. शेजारचे ख्रिस्ती पोरांना घेऊन बघायला यायचे. कुणाला त्रास झालेला मी तरी पाहिला नाही. इथे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणालो असतो, माझ्या मुलीनं मला केलंय, मला बघायचंय."

खाली बसला. पण रुओतोलो कसला गप्प बसतोय! "ते ठीक आहे हो, पण बाळ येशूचं काय? बाळाला शाळेत जागा हवी!" आणि ओदास्सोसर, "बाळाला... सरकारी शाळेत... जागा देता... येत नाही." जागा हवी, जागा नाही, हवी, नाही... आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, बाळ!

म्हटलं, "सिन्योर रुओतोलो, बाळ गव्हाणीत कधी ठेवतात?"

"काय बाई, हा काय प्रश्न झाला? चोवीसच्या मध्यरात्री!"

"आणि त्याआधी?"

"त्याआधी गव्हाण रिकामी! जन्मच झाला नाही तर ठेवणार कुठून?"

"आणि नाताळसाठी शाळा बंद कधी होते?"

त्यानं तोंड उघडलं. कर्णा खाली आला.

"त्याच्या... आधी."

"आणि सुट्टी संपल्यावर उघडते त्या दिवशी आपण काय करतो?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "देखावा उतरवतो."

अहो, ज्याला शाळेतून काढायचं म्हणून साहेब अडलेत, ज्याला शाळेत ठेवायचं म्हणून हा कर्णा फुंकतोय, तो आजवर शाळेत एकदाही आलेलाच नाही! मी खोकं आणवलं, सगळ्यांसमोर उपसलं. मेंढ्या निघाल्या, एका शिंगाचा बैल निघाला, बेनीनो निघाला, बाळ? नाही! शाळेकडे बाळ कधी नव्हतंच! आम्ही पिढ्यान्‌पिढ्या रिकाम्या गव्हाणीभोवती उभे होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!

ओदास्सोसर घाम पुसत म्हणाले, "मग... हे सगळं... आहे तरी काय?"

म्हटलं, "सर, हे मातेर्देई आहे."

मग मी सुटलेच! म्हटलं, डोंगर लागेल, गल्ली लागेल, ज्या पोराला आणायचं ते आणेल, ज्याला नाही आणायचं ते नाही आणणार, कुणी कुणाला 'का' म्हणून विचारायचं नाही. देखाव्यासमोर प्रार्थना होणार नाही, पाणी शिंपडणार नाहीत, ते पाद्रीबाबांनी आपल्या अंगणात करावं. गव्हाण राहील रिकामी. त्यात ज्याला जे दिसतं ते त्यानं बघावं, सरकारनं त्यात काही घालायचं नाही आणि त्यातून काही काढायचंही नाही! आणि पुन्हा कुणी एखाद्या पोराच्या आडून निर्णय घेतला तर गाठ माझ्याशी आहे! आणि हे सांगतंय कोण?

आख्खी व्यायामशाळा ओरडली, "इम्माकोलाताऽऽ!"

जन्मात पहिल्यांदा ते नाव मला गोड लागलं हो! सगळे हात वर. रुओतोलोचा तर कर्ण्यासकट. ओदास्सोसरांचा सगळ्यात शेवटी, पण वर!

दुसऱ्या दिवशी डोंगर लागला. निहाल आणि दोन्ना रकेले ऐन पायवाटेवर, सगळ्यांच्या पुढे. म्हातारी बघायला आली आणि किंचाळली, "माझं नाक एवढं मोठं?" निहाल म्हणाला, "दोन्ना रकेले, माती संपली म्हणून एवढ्यावर थांबली ती." आणि सांदुनीच्या बाकाशी आता रांग आहे, "माझ्या बाबांचं पोट नीट कर ना गं!" एक पेंग्विन पण ठेवलाय. मासेवालीसमोर. गिऱ्हाईक म्हणून.

जिंकले ना मी? जिंकलेच! पण... शाळेकडे बाळच नाही, ही बातमी मातेर्देईला सोसली नाही. संध्याकाळपासून माझ्या दारावर टकटक. दोन्ना रकेलेंनी आजीच्या वेळचं मेणाचं बाळ पाठवलं. रुओतोलो चिनी मातीचं घेऊन स्वतः आला, "शाळेत ठेवायचं नाही ना? नियम तुमचाच. मग चोवीसपर्यंत तुम्हीच सांभाळा, बाई." आणि मग लाकडाचं, मातीचं, एक तर डोळे उघडझाप करणारं... सगळी कपाटाच्या खणात, माझ्या मोज्यांवर, ओळीनं निजलीत.

काल आई आली. शाल शोधायला खण उघडला. ती बाळांकडे बघते, माझ्याकडे बघते, परत बाळांकडे बघते. "लग्नाचं विचारलं की अंगावर येतेस," म्हणाली, "देवाचं विचारलं की दुप्पट अंगावर येतेस. आणि घरात इतकी बाळं! कुणाच्या घरात? इम्माकोलाताच्या!" आणि हसत हसत जिना उतरून गेली, थेट कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात.

मी खण लावून घेतला.

मग परत थोडासा उघडला. हवा नको का यायला?