धुतलेली पानं

दवाखान्यात शिंपीणबाई आपल्या नंबरची वाट बघत होत्या. शेजारी एक म्हातारी आणि तिची प्रयोगशाळेत काम करणारी लेक बसली होती. बाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

“आई, तू पाठवलेल्या पहिल्या पिशवीतल्या पानांत औषधाचा गुण सापडला. दुसरीत काहीच नाही. झाड तेच ना?”

“तेच गं, विहिरीमागचं.”

“मग काय झालं? वर्षभर डोकं खाजवतोय आम्ही.”

“दुसऱ्या खेपेला तर मी जास्त मन लावून केलं. पानांवर कसली चिकट, पांढरी भुकटी होती. एकेक पान धुऊन, पुसून, सावलीत वाळवून पाठवलं.”

“धुतलंस?”

“मग काय, चार शिकलेल्या माणसांपुढे घाणेरडी पानं ठेवायची? नावं मलाच ठेवली असती.”

“अगं, गुण त्या भुकटीतच असणार.”

“अगंबाई.”

“आणि या थरथरत्या हातांनी एकेक पान धुतलंस?”

“तीन दिवस लागले. पण औषध आहे तरी कशावर?”

“हात थरथरतात ना, त्यावर.”

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्या नाहीत.

“बरं झालं आधी नाही सांगितलंस,” म्हातारी म्हणाली. “दोनदा धुतली असती.”