आमच्याकडे एक नंबरचं मशीनच नाही

—नाही नाही, उठू नका क्वेतभाऊ, कॉफी संपवा आधी. गोड झालीय? होणारच, तुम्ही उत्तरेतले, हनोईचे, आम्ही दक्षिणेतले, कान थो गावचे, आमच्या कालवणातसुद्धा साखर — हसा, हसा. पण कागद कुठल्या मशीनवरून छापला, त्या जागी पडद्यावर काय लिहिलंय तेवढं वाचा. मोठ्यानं. 'मशीन एक'. बरोबर? आता माझं दुकान बघा. हे दारापाशी, प्रिंटर जोडलाय ते, मशीन दोन. शेजारी तीन, मग चार, आणि पंख्याखालचं ते रडकं पाच. एक कुठाय? नाहीच! आमच्या दक्षिणेत पहिल्या पोराला 'दोन'च म्हणतात — एक म्हटलं की भुतांना कळतं, हे थोरलं, हे लाडकं, चला उचला. आजी सांगायची. मी मानते असं नाही हं, पण मशीनं महाग होती, म्हटलं उगाच कशाला! हो, कॉम्प्युटरला दृष्ट लागू नये म्हणून. आहेच मी अशी. मी आईबापांची सहावी, म्हणून गल्लीला 'सातताई'. मग हे एक कुणाच्या घरचं?

नववर्षाच्या सुट्टीत तुम्हीच जोडणी केलीत ना? प्रिंटर एक, मशीनं सगळी त्याच्यावर. मी खूश — तोवर पेनड्राइव्ह घेऊन या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, कंबर गेली माझी. जाताना तुम्ही काहीतरी म्हणालात, की ताई, शेअरिंग चालू केलंय, आता तुमच्या वायफायवरचं कुठलंही मशीन इथे छापेल, गिऱ्हाइकांच्या फाइलींचा हा फोल्डरही उघडेल, जपून — मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत आहे, कळायचं नंतर बघू. तर आज सकाळी बाजारात गेले, चावी विसरले म्हणून अर्ध्यातून परत आले, बघते तर दुकानात चिटपाखरू नाही आणि प्रिंटर आपला खर्र खर्र कागद ओकतोय! उचलून बघितला — हळू बोलते — सातवीचा गणिताचा पेपर. समोरच्या शाळेचा. सोमवारी परीक्षा आहे! सुओंगबाई त्यांचे पेपर माझ्याकडेच छापतात, किती वर्षं झाली. सगळ्यांना सांगतात, सातताईंच्या दुकानातून कागद बाहेर जात नाही. आता हा फुटला तर शाळेचं काम गेलं, आणि ते गेलं की उरलं काय — लग्नाच्या पत्रिका आणि हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो. त्यावर दुकान चालतं होय? आणि बाईंना तोंड काय दाखवू? दुपारी येतायत त्या गठ्ठा न्यायला.

म्हणून बोलावलं तुम्हाला. रागावू नका हं, पण तुम्हीच सांगा — या गल्लीत एकापासून मोजणारा उत्तरेतला माणूस कोण? तुम्ही. जोडणी कुणाची? तुमची. वायफायचा पासवर्ड कुणाकडे? तुमच्याकडे, माझ्याकडे, आणि... घरात, बस. समोरच्या कॉफीवालीला नाही देत मी. तिची गिऱ्हाइकं एक कॉफी घेऊन दिवसभर बसतात, काय करत असतात कोण जाणे. तुमचा लॅपटॉप दाखवा बरं. नाव काय त्याचं? 'क्वेत'. नुसतं क्वेत? आधीपासून? आत्ता बदललं नाहीत ना? बरं बरं, विचारलं फक्त. सातवीतलं कोणी आहे का तुमचं — भाचा, पुतण्या? लग्नही नाही? अरेरे. आमची थोआ आहे... अहो तसं नाही! लाजताय काय. ती पण हनोईलाच शिकली, एवढंच सांगत होते. आली ती तुमच्यासारखं बोलत. मला आता आपल्यासारखं 'मां' नाही म्हणत, तुमच्याकडचं 'मे' म्हणते. मला आपलं शेळी ओरडल्यासारखं वाटतं, पण बोलणार कोण! हुशार हो पण. वरच्या खोलीत आपला लॅपटॉप मांडून शिकवण्या घेते, सातवीच्याच, गणिताच्या. मागच्या परीक्षेला तिची पोरं अशी चमकली, पालक फणस घेऊन आले दारात — म्हणे बाई शिकवतात तेच पेपरात येतं, आकडेसुद्धा तेच! मी गल्लीभर सांगत फिरले. कुणाला सोडलं नाही, सुओंगबाईंनाही सांगितलं, त्यांनी दोनदा विचारलं, आकडेसुद्धा तेच? थोआला घरात आम्ही 'दोन'च म्हणायचो, थोरली ना. आता चिडते. परवाच केवढी भांडली — मे, मला दोन म्हणायचं नाही, हनोईत मला कोणी दोन म्हणत नव्हतं, मी पहिली आहे, मी ए—

...

काय? नाही, काही नाही. कॉफी गोडच झालीय खरी.

थांबा, ते दाबू नका. कुठल्या खोलीतून आलंय ते कशाला बघायचं? नको म्हणते ना क्वेतभाऊ, हात काढा. प्रिंटर जुना आहे, मनाला येईल ते छापतो, माझीच चूक असेल, मीच काहीतरी दाबलं असेन, मला काय कळतंय त्यातलं. ते शेअरिंग बंद करा. सगळं. हो, पेनड्राइव्ह घेऊन फिरेन मी, कंबर माझी आहे. सुओंगबाईंचं मी बघते. काय सांगायचं ते... बघते. आणि हे कागद इकडे द्या. द्या म्हणते ना.

कोण? — कोणी नाही गं थोआ! प्रिंटरवाले आलेत! कागद अडकला होता! नको, खाली येऊ नकोस, निघालेत ते —

निघा ना.